थोडक्यात वाचलो

स्टोअरच्या खिडकीखाली एक लाल पेटी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, 'थोडक्यात वाचलो'. नव्या माणसाला वाटतं, देणगीची पेटी असेल. तशी नाही. अपघात होता होता राहिला, की ज्याने तो पाहिला त्याने चिठ्ठी लिहून आत टाकायची. हातोडा दांड्यातून निसटला पण कुणाच्या डोक्यात बसला नाही, चिठ्ठी. तेलावरून पाय घसरला पण माणूस उभाच राहिला, चिठ्ठी. आमच्याकडे पाण्याच्या मोठमोठ्या मोटारी दुरुस्तीला येतात, त्यामुळे निसटायला आणि सांडायला भरपूर काही असतं.

पेटी उघडायची, चिठ्ठीला नंबर द्यायचा आणि वहीत नोंद करायची, हे काम माझ्याकडे. शेडमध्ये बाई मी एकटीच. पोरं मला काकू म्हणतात. काकू म्हटलं की हातमोज्यांचा नवा जोड लवकर मिळतो असा त्यांचा समज आहे. मी तो मोडलेला नाही.

सेफ्टी साहेबांनी नियम केला की महिन्याला माणशी दोन चिठ्ठ्या आल्याच पाहिजेत. ज्याच्या येणार नाहीत त्याचं नाव सकाळी गेटवर भोंग्यातून. लगेच पुढच्या महिन्यात अकरा जणांनी एकाच तेलाच्या डागावर चिठ्ठ्या लिहिल्या. मी जाऊन पाहिलं. डाग पंजाएवढा होता, आणि पोरं त्याला वळसा घालून जात होती.

"पुसत का नाही रे कुणी?"

"काकू, पुसला तर पुढच्या महिन्यात लिहायचं काय?"

हे बोलला तो वकील. आहे फिटर, पण एका वाक्याची गोष्ट सहा वाक्यांत नेतो आणि शेवटी पुढची तारीख मागतो, म्हणून वकील. त्याच्या जोडीला असतो तो वॉशर. नट-बोल्टमधल्या चकतीसारखा अंगाने चपटा, आणि दोघांच्या मधे दाबून घ्यायची सवय, म्हणून वॉशर. ते दोघं म्हणजे कोण, तर एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला ताईचा नवरा. ताईचा नवरा आमच्याच क्रेनवर आहे. वॉशर त्याला दाजी म्हणतो म्हणून सगळी शेड दाजी म्हणते, सुपरवायझरसुद्धा.

दाजीच्या हाताला तोड नव्हती, हे लिहिलंच पाहिजे. दोन टनांची मोटार तो बोल्टांवर अशी टेकवायचा की वर चहाचा पेला ठेवला असता तरी हलला नसता. वॉशरला नोकरी त्यानेच लावली. हे तो रोज एकदा सांगायचा, आणि सुट्टीच्या दिवशी सांगायचं राहून जातं म्हणून सोमवारी दोनदा.

गेटपासही माझ्याकडेच असतात. तीन महिन्यांपूर्वी वॉशरने अर्ध्या दिवसाचा पास घेतला होता. कारण लिहिलं होतं, 'ताईला सोडायला'.

"माहेरी आली होती का?" मी विचारलं.

"हो. चार दिवस."

"चारच?"

"आई म्हणाली, पुरे आता."

मी शिक्का मारला आणि पास फाडून दिला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसलं नाही की पाहिलं नाही, हा हिशोब मी नंतर केला.

तर एके दिवशी वरून कागद आला. तिशीच्या आतल्या पुरुषांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. विषय, बायका-मुलींवरचा हिंसाचार रोखण्यात तरुणांची भूमिका. पोरांनी फळ्यावर वाचलं आणि एकच शंका विचारली, जेवण आहे का. खुर्च्या स्टोअरच्या असल्याने मीही मागे बसले. बत्तीस दिल्या होत्या, बत्तीस मोजून घ्यायच्या होत्या.

प्रशिक्षणाला आलेल्या बाई बुटक्या होत्या आणि आवाज अजिबात चढवत नव्हत्या, त्यामुळे पोरांना गप्प बसावंच लागलं. त्यांनी विचारलं, "एखादा माणूस बाईवर हात उचलताना दिसला तर काय कराल?"

"फोडून काढू," सगळे म्हणाले. हे मात्र अगदी एका सुरात.

"छान. गेल्या वर्षभरात किती जणांना फोडलं?"

एक खुर्ची करकरली. मग वकील म्हणाला, "बाई, आमच्यासमोर कुणी उचललाच नाही."

"मग तुमच्यासमोर काय होतं?"

बाईंनी फळ्यावर लिहायला घेतलं. हात उचलायच्या आधी टोमणा असतो, तिच्या मोबाईलची झडती असते, चारचौघांत तिच्यावर केलेला विनोद असतो आणि त्यावर हसणारे चारचौघं असतात.

वकिलाने हात वर केला. "म्हणजे थोडक्यात वाचलो."

"म्हणजे?"

पोरांनी बाईंना पेटीची सगळी पद्धत समजावून सांगितली, अभिमानाने, एकमेकांचं वाक्य तोडत. भिंतीवरचा तक्तासुद्धा दाखवला. त्रिकोणाच्या टोकावर एक मेलेला, मधे काही जखमी, आणि तळाला तीनशे थोडक्यात वाचलेले. तळ कमी केला की टोक कमी होतं, असा तो तक्ता. बाईंनी तो जवळ जाऊन वाचला.

"मग हेही लिहा की पेटीत," त्या म्हणाल्या.

सेफ्टी साहेब पहिल्या रांगेत डोळे मिटून मान डोलवत होते. मान डोलवण्याच्या ओघात ते म्हणून गेले, "लिहा, लिहा. तेही दोनांत धरू."

चूक इथे झाली. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात हे वाक्य हवेत विरलं असतं. आमच्याकडे सकाळी भोंग्यातून नावं निघतात.

पुढच्या पंधरा दिवसांत पेटी दोनदा भरली. मी एकेक नोंद घेत होते आणि चष्मा पुसत होते. 'बसस्टॉपवर मुलीला पाहून शिट्टी वाजवली. काय घडू शकलं असतं: तिचा भाऊ मागे उभा होता. तात्पुरता उपाय: तोंड बंद. कायमचा उपाय: माझं लग्न.' शेवटच्या रकान्यावर मी लाल शाईने लिहिलं, 'हा उपाय मान्य नाही. दुसरा सुचवा.' एकाने लिहिलं, 'बहिणीचा मोबाईल चोरून पाहिला. काय घडू शकलं असतं: तिने माझा पाहिला असता.' वेल्डरने तर, 'काळा चष्मा लावून कॅन्टीनच्या मुलीकडे पाहिले, तिला कळले नाही असे वाटले, तिने ताटात आमटी कमी वाढली, म्हणजे कळले.' सेफ्टी साहेब खूश. गेटवरच्या फळ्यावर आमच्या शेडचा आकडा सगळ्यात वर.

मग चिठ्ठी आली दोनशे बारा नंबरची. अक्षर सुवाच्य.

'ठिकाण: चहाची जागा. काय घडलं: क्रेनवाले म्हणाले, काल घरी जरा ब्रेक तपासले, आता गाडी सांगेन तिथे थांबते. सात जण हसले. धोक्यात असलेली व्यक्ती: क्रेनवाल्यांची बायको. काय घडू शकलं असतं: घडलेलं आहे. डावं मनगट.' खाली हसणाऱ्या सातही जणांचे हजेरीचे टोकन नंबर होते. सातवा नंबर आणि कळवणाऱ्याचा नंबर एकच होता.

मी दोनदा जुळवून पाहिला. वॉशरचाच.

त्याला खिडकीशी बोलावलं. "हे पेटीतच टाकायचं होतं ना? खिशातून पडलं नाही ना?"

"पेटीतच, काकू."

"नोकरी कुणी लावली, आठवतंय ना?"

"विसरायला देतात का ते?"

"आईला माहीत आहे?"

त्याने खाली पाहिलं. "आई म्हणते, मनगट बरं होतं. घर मोडलं की बरं होत नाही."

"आणि ताई?"

"ताई काही म्हणत नाही. मागच्या वेळी परत नेऊन सोडली ना मी, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. परत आली माहेरी, तर आई पुन्हा मलाच सांगणार, सोडून ये." तो नखातलं ग्रीस काढत राहिला. "आणि मी सोडून येईन, काकू. मला माझं माहीत आहे."

मी शाई भरली, नोंद केली आणि उघड्या चिठ्ठीचा आकडा गेटच्या फळ्यासाठी कळवला.

अर्ध्या तासात सुपरवायझर आणि सेफ्टी साहेब दोघं खिडकीवर. एवढी तत्परता मी क्रेनचा दोर तुटला तेव्हाही पाहिली नव्हती.

"काकू, ती दोनशे बारा काढून टाका," सुपरवायझर म्हणाला. "घरगुती मामला आहे."

"नोंदली."

"पान काढा."

"पानांना छापील नंबर आहेत. वरून तपासणीला माणूस येणार आहे शुक्रवारी. पान कुठे गेलं विचारलं तर तुमचं नाव सांगू की साहेबांचं?"

सेफ्टी साहेबांनी घाम पुसला. "बरं, मग बंद करून टाका चिठ्ठी."

"करते की. नियम तुम्हीच केलेत. कळवणाऱ्याने बंद करायची नाही, ज्याच्यामुळे धोका त्याने करायची नाही. तिसऱ्याने जबाबदारी घ्यायची, जागेवर जाऊन पाहायचं, आणि जो धोक्यात आहे त्याची सही घ्यायची, 'धोका दूर झाला' म्हणून. तोवर गेटच्या फळ्यावर लाल."

"असा नियम मी कशाला केला?" साहेब पुटपुटले.

"तेलाच्या डागासाठी, साहेब."

दाजीला कळायला चहाची वेळ उजाडली. तो पेला घेऊन मधोमध उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आमच्या मेहुण्याला विनोद कळत नाही. लहानपणी डोक्यावर पडला असणार. आमच्या सासूबाईंचा हात तसा निसटताच."

असं म्हणून तो थांबला. थांबायची जागा ठरलेली होती, इथे रोज हशा यायचा. आज सहा जण आपापल्या पेल्यात बघत होते, जणू तळाशी काही लिहिलंय. वकिलाच्या खिशात पेन होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"काय रे? हसायलाही परवानगी लागते का आता?"

"नाही, दाजी," वकील म्हणाला. "टोकन नंबर लागतो फक्त."

दाजीने चहा तसाच सांडला आणि क्रेनवर चढला. त्या दिवशी त्याने मोटार टेकवली तेव्हा पहिल्यांदा आवाज झाला. वॉशर खाली बोल्ट धरून उभा होता. वरून त्याला ऐकू येईल इतपत दाजी म्हणाला, "घरी गेलो की बघतो." कुणाकडे बघणार ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

वॉशर बोल्ट सोडून तडक खिडकीवर आला. मागे वकील, बोलला तोच. "जबाबदारी मी घेतो, काकू. आत्ताच जाऊ. दाजी संध्याकाळपर्यंत वर अडकलेला आहे. पण आम्हाला तिथे बोलता यायचं नाही. तुम्ही चला."

मी गेटपास फाडले, चार. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'जागेची पाहणी'. आम्ही निघालो, मी, वकील, वॉशर आणि साक्षीला म्हणून वेल्डर. तिघांच्या हातात हेल्मेट होती. वेल्डरच्या पँटच्या मागच्या खिशात पाइपचा पाना होता.

"हा कशाला?"

"समजवायला," तो म्हणाला.

"काढ." तो मी ताब्यात घेतला. परत दिल्याची नोंदही आहे.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते. दार उघडलं तेव्हा तिच्या उजव्या हातात सुईएवढा स्क्रूड्रायव्हर होता. डाव्या मनगटाला पट्टी. टेबलावर आठ-दहा चष्म्यांच्या फ्रेमा उलट्या ठेवलेल्या. हात दुखतोय म्हणून तिने काम घरी आणलं होतं.

"कोण गेलं?" तिने हेल्मेट पाहून विचारलं.

"कुणी नाही, ताई. आम्ही पाहणीला आलोय." वकिलाने चिठ्ठी पुढे केली. एवढ्यातच त्याचं बोलणं संपलं, पुढची तारीखही मागितली नाही.

तिने चिठ्ठी उभ्यानेच वाचली. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली. आम्हाला बसा म्हणाली नाही, त्यामुळे आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो, चौकशीला बोलावल्यासारखे.

"सातवा नंबर कुणाचा?"

"माझा," वॉशर म्हणाला.

"का हसलास?"

"सगळे हसले म्हणून."

"किती हसलास?"

"म्हणजे?"

"मोठ्याने, की तोंडातल्या तोंडात?"

"थोडंसं, ताई."

तिने मान हलवली, जणू काचेचा नंबर बरोबर निघाला. वेल्डर पुढे सरकला. "ताई, तुम्ही फक्त हो म्हणा. आम्ही आज त्याला असा धुतो की पुन्हा हात वर करणार नाही."

"बरं. तुम्ही धुणार. मग तो वाळायला कुठे येणार?"

वेल्डरने खोलीभर पाहिलं आणि खोली किती लहान आहे ते त्याला दिसलं.

"तुम्हा सगळ्यांना मारामारीच बरी येते," ती म्हणाली. "न हसणं जमलं नाही एकालाही, तीन वर्षांत."

"आज जमलं," वकील हळूच म्हणाला.

"आज?"

"कुणीच नाही हसलं. दाजींनी चहा सांडला." मग वॉशरकडे पाहून तो म्हणाला, "सांग ना तिला पुढचं."

"घरी गेलो की बघतो, म्हणालेत," वॉशर म्हणाला.

तिने पेन मागितलं. वकिलाने बोटाने सहीची जागा दाखवली. तिने त्याचा हात बाजूला सारला आणि वरच्या रिकाम्या रकान्यांत लिहायला सुरुवात केली. तात्पुरता उपाय: 'आजपासून मी आईकडे. भावाने स्वतःची खाट मला द्यायची. आईला काय सांगायचं ते त्यानेच सांगायचं, माझ्यासमोर.' कायमचा उपाय: 'मी ठरवेन. वेळ लागेल. कुणी घाई करायची नाही.' सहीची जागा तिने कोरीच ठेवली आणि पेनाला टोपण लावलं.

"ताई, सही," वकील म्हणाला. "शुक्रवारी तपासणी आहे."

"धोका दूर झाला का?"

"नाही."

"मग?"

वकिलाने चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली.

तिने आतून बॅग आणली. निळी, एका बाजूची चेन तुटलेली. वॉशरने ती ओळखली, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. मागच्या वेळी त्याने हीच बॅग गाडीला बांधून इथे आणून टाकली होती. आता त्याने ती उचलली आणि जिना उतरायला लागला. ती मागून फ्रेमांचा डबा घेऊन, अर्धवट काम सांडू नये म्हणून एकेक पायरी जपून. वेल्डर म्हणाला, "डबा मी धरतो." ती म्हणाली, "तुझ्या हातून मोटार पडली तर चालते, हे नाही." आणि डबा तिने स्वतःच नेला.

आईच्या दारात काय झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं. आई म्हणाली, "लोक काय म्हणतील?" वॉशर म्हणाला, "लोक हसतात, आई. मी पण हसलो." मग म्हणे त्याने स्वतःची गादी जमिनीवर टाकली. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण भाकरी दोघांच्या हिशोबापेक्षा एक जास्त टाकत होती. दाजी एकदा दाराशी आला. वॉशर दारात उभा राहिला. अंगाने चपटा, पण दार अरुंद आहे, पुरला.

शुक्रवारी तपासणीचा माणूस आला. वही चाळत तो दोनशे बारावर थांबला. सेफ्टी साहेब माझ्यामागे उभे होते आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"ही एकच उघडी का?"

"धोक्यात असलेल्या व्यक्तीची सही नाही," मी म्हटलं.

त्याने चिठ्ठी पूर्ण वाचली. सावकाश. मग शेऱ्यात लिहिलं, 'नियम पाळला जातो. उघडीच ठेवावी.' साहेबांनी तो शेरा दुसऱ्या दिवशी फ्रेम करायला पाठवला. कशाबद्दल आहे हे फ्रेमवाल्याने विचारलं तेव्हा काय सांगितलं कोण जाणे.

गेटच्या फळ्यावर रोज सकाळी लाल आकडा असतो, एक. दाजी त्याच्याखालून आत येतो. चहा आता तो क्रेनवरच पितो. परवा हातमोजे घ्यायला खिडकीवर आला, सही केली, आणि वहीकडे मान वाकडी करून म्हणाला, "ती कधी करणार?"

"ते तिच्या रकान्यात आहे," मी म्हटलं. ताईने आणखी कुठे जाऊन काय लिहून दिलं तेही मला माहीत आहे. पण ते माझ्या वहीतलं नाही, म्हणून त्याला सांगितलं नाही. कळेलच त्याला, टपालाने.

काल महिनाअखेर होती. पेटी उघडली. तेलाच्या डागावर एकही चिठ्ठी नव्हती. जाऊन पाहिलं तर डाग पुसलेला. तळाशी सुवाच्य अक्षरातली एक चिठ्ठी होती, तिला दोनशे एकेचाळीस नंबर दिला.

'ठिकाण: घर. काय घडलं: आई म्हणाली, पुरे आता, महिना झाला, ताईला सोडून ये. मी म्हणालो, बघू. काय घडू शकलं असतं: मी गाडी काढली असती. धोक्यात असलेली व्यक्ती: ताई. धोका: मी. तात्पुरता उपाय: गाडीची किल्ली ताईला दिली. तिला गाडी येत नाही. कायमचा उपाय: रविवारपासून शिकवतोय.'